ॲक्शन, थ्रिलर, साय-फाय बघून धड मत कसं द्यायचं

पिक्चर बघून आल्यावर कोणी विचारलं कसा होता, की आपलं उत्तर ठरलेलं. भारी, नाहीतर बकवास, फार तर वन टाइम वॉच. आता यावरून समोरच्याने काय ठरवायचं? त्याला स्वतःला तो आवडेल का एवढंच त्याला हवं असतं, तुम्ही किती स्टार दिले याच्याशी त्याला काही घेणंदेणं नाही. म्हणून पहिली गोष्ट, ॲक्शन, थ्रिलर आणि साय-फाय (विज्ञानकथा) या तिन्ही प्रकारांना एकच फुटपट्टी लावू नका. 'जॉन विक'मध्ये स्टोरीच नाही म्हणून कुरकुरणारे आणि 'ड्यून'मध्ये मारामारी कमी म्हणून वैतागणारे, दोघांनीही बघायला बसतानाच चुकीची अपेक्षा धरलेली असते.

ॲक्शनपासून सुरुवात करू कारण सगळ्यात जास्त फसवाफसवी तिथेच चालते. फाइट चालू असताना मनात एवढंच बघा की आत्ता कोण कुठे आहे हे मला कळतंय का. हिरो दाराच्या अलीकडे की पलीकडे, गुंड किती उरलेत, पळायची वाट कुठली. हे कळत असेल तर दोन माणसांची साधी झटापट पण खुर्चीला खिळवून ठेवते आणि कळत नसेल तर शंभर गाड्या उडवल्या तरी आपण जांभया देतो. कॅमेरा हलतोय, सेकंदाला एक कट (म्हणजे शॉट बदलणं), वरून म्युझिक कानठळ्या बसवतंय, असं दिसलं की समजायचं बऱ्याचदा हिरोला फाइट जमत नाहीये आणि ते झाकायचा कार्यक्रम सुरू आहे.

पण म्हणून कट जास्त म्हणजे वाईट असं लगेच लिहून टाकू नका. 'मॅड मॅक्स: फ्युरी रोड' (2015) मध्ये दोन तासांत सुमारे 2,700 कट आहेत, तरी कुठेही गोंधळ उडत नाही, कारण महत्त्वाची गोष्ट जवळजवळ प्रत्येक वेळी फ्रेमच्या मधोमध ठेवलीये, डोळ्यांना शोधत बसावं लागत नाही. याच्या उलट 'एक्स्ट्रॅक्शन 2' (2023) मधला तो 21 मिनिटांचा सलग वाटणारा सीन, जो खरं तर बरेच शॉट बेमालूम जोडून केलाय. मेहनत प्रचंड आहे, मान्य, पण मला तरी थोड्या वेळाने हिरोची काळजी वाटायची बंद झाली आणि आता कॅमेरा कुठून घुसणार एवढंच बघत बसलो. मत देताना हे असं सांगा, सीन कुठला आणि तो बघताना तुमचं लक्ष नक्की कुठे गेलं.

'जॉन विक 4' (2023) याच कसोटीवर बघा. डायरेक्टर चॅड स्टाहेल्स्की स्वतः स्टंटमन, 'मेट्रिक्स'मध्ये किआनू रीव्हजचा स्टंट डबल होता, त्यामुळे फाइट लपवायची त्याला गरजच पडत नाही. छतावरून खाली बघावं तसा एक लांबलचक सीन आहे, खोल्यांचा सगळा नकाशा डोळ्यासमोर आणि हिरो एकेक खोली साफ करत चाललाय, हा गेल्या काही वर्षांतला माझा सगळ्यात आवडता ॲक्शन सीन. पण पिक्चर 169 मिनिटांचा आहे आणि त्यातली वीसेक मिनिटं आरामात उडवता आली असती हे पण सांगायला हवं, नाहीतर ते मत नाही, जाहिरात होते.

आपल्याकडचा 'किल' पण याच रांगेत बसतो. ट्रेनच्या चिंचोळ्या डब्यात फाइट, पळायला जागा नाही. त्यात रक्तपात किती आहे हे मात्र स्पष्ट लिहा, कोणीतरी घरच्यांना घेऊन बघायला बसेल बिचारं.

आता थ्रिलर. इथे बघायचं की जास्त माहिती कोणाकडे आहे, पात्राकडे की आपल्याकडे. थ्रिलरचा गाजलेला डायरेक्टर हिचकॉक सांगायचा, टेबलाखालचा बॉम्ब अचानक फुटला तर प्रेक्षक काही सेकंद दचकतो, पण बॉम्ब आहे हे त्याला आधीच दाखवलं तर समोरच्या फालतू गप्पा पण तो जीव मुठीत धरून ऐकतो. 'दृश्यम' एवढा चालला त्याचं कारण हेच. काय घडलंय ते आपल्याला बरंचसं माहीत आहे, पोलिसांना नाही, आणि प्रत्येक चौकशीला घाम आपल्याला फुटतो. 'रेबेल रिज' (2024) पण बघा, त्यात नुसती चौकीवरची बोलणी सुद्धा मारामारीपेक्षा जास्त ताणतात. हल्लीच्या बऱ्याच थ्रिलरना मात्र दचकवायचीच घाई असते, शेवटच्या दहा मिनिटांत तीन ट्विस्ट आणि मग कोणाचंच काही वाटत नाही.

ट्विस्ट तपासायची एक सोपी युक्ती आहे. खरं काय ते कळल्यावर मागे जा आणि ते पात्र एकटं असतानाचे सीन आठवा. खोलीत दुसरं कोणीच नाही, तरी खुनी निरागस असल्यासारखा वागतोय? मग तो नाटक कोणासाठी करत होता? तर तो ट्विस्ट नाही, लेखकाने आपल्याला सरळ गंडवलंय. या एका चाचणीत भलेभले थ्रिलर आडवे होतात.

साय-फायमध्ये लोक विज्ञान चुकलं म्हणून तावातावाने भांडतात ते मला फारसं पटत नाही. एक थाप मान्य करायची, पुढे त्या थापेचे नियम पाळले का ते बघायचं. 'ड्यून'मध्ये अंगाभोवतीची शील्ड जोराचा वार अडवते पण हळू जाणारं पातं आत जाऊ देते, म्हणून तिथली माणसं सुरे घेऊन लढतात. एका नियमातून अख्खी लढायची पद्धत बदलली, याला म्हणतात विचार करून लिहिणं. ज्या पिक्चरमध्ये नियम क्लायमॅक्सला सोयीप्रमाणे वाकतो तिथे मार्क कापा, ग्राफिक्स कितीही चकाचक असोत. आणि चकाचकपणासाठी पैसा ओतावाच लागतो असंही नाही, 'गॉडझिला मायनस वन'चं व्हीएफएक्स (कॉम्प्युटरवरची दृश्यं) 35 जणांच्या टीमने केलं आणि 2024 मध्ये ऑस्कर नेलं.

'टेनेट'सारखं काही डोक्यावरून गेलं तर तसं बिनधास्त लिहा, फक्त कशामुळे गेलं ते पण लिहा. कल्पना अवघड होती, की म्युझिकखाली डायलॉगच ऐकू आले नाहीत? दोन्ही वेगळ्या तक्रारी आहेत. दुसरी असेल तर सबटायटल लावून एकदा बघा, मत बदलायची शक्यता आहे. तसंच पिक्चर थेटरात बघितला की मोबाइलवर, हेही सांगून टाका. 'ड्यून' मोबाइलवर बघून त्यात काय एवढं म्हणणाऱ्याचं मत कोणी का ऐकावं.

स्पॉयलरचं, म्हणजे न बघितलेल्याला कथा आधीच फोडण्याचं म्हणाल तर, ट्रेलरमध्ये जेवढं दिसतं आणि पहिल्या अर्ध्या तासात जेवढं घडतं तेवढं सांगायला हरकत नाही. आणि 'शेवट बघून हादराल' हे वाक्य तर टाकूच नका हो, तो पण स्पॉयलरच आहे. माणूस मग सगळा वेळ पिक्चर सोडून शेवट ओळखत बसतो.

सिरीजमधला पिक्चर असेल तर आधीचे भाग बघणं किती गरजेचं आहे ते शेवटी जरूर लिहा, बहुतेक जण नेमकं हेच विसरतात. 'ड्यून 2' पहिला भाग न बघता लावू नका, काहीही कळणार नाही. 'जॉन विक 4' थेट बघितला तरी चालतंय, हा माणूस आणि त्याच्या मागे सगळी गुन्हेगारी दुनिया, एवढं पुरे. 'फ्युरिओसा' (2024) कथेत 'फ्युरी रोड'च्या आधी येतो, पण मी तर म्हणेन 'फ्युरी रोड' आधी बघा.