प्रायर बदलला तर निष्कर्ष टिकतो का? बेझियन मॉडेलची संवेदनशीलता तपासताना

प्रायर म्हणजे डेटा पाहण्याआधी गुणांकाबद्दल धरलेलं संभाव्यता-वितरण. आधी ठरवा, तपासायचं काय आहे: गुणांकाचा अंदाज, पुढच्या तिमाहीचं भाकीत, की दोन मॉडेलांमधला बेझ फॅक्टर (डेटा एका मॉडेलला दुसऱ्याच्या किती पट पाठिंबा देतो ते गुणोत्तर)? हे महत्त्वाचं आहे, कारण प्रायरमधल्या एकाच बदलाने यातलं एक जागचं हलत नाही आणि दुसरं पार उलटतं.

कागदावर हिशेब करून बघा. रिग्रेशनमध्ये गुणांकाचा अंदाज ०.८, प्रमाण त्रुटी ०.४, प्रायर नॉर्मल, मध्य शून्य. पोस्टिरिअरचा, म्हणजे डेटा पाहिल्यानंतरच्या वितरणाचा, मध्य ही डेटाचा अंदाज आणि प्रायरचा मध्य या दोघांची भारित सरासरी, आणि ज्याचा व्हेरिअन्स (प्रमाण विचलनाचा वर्ग) कमी त्याचा भार जास्त. प्रायरचं प्रमाण विचलन १ धरलं तर मध्य ०.६९ येतो, ५ धरलं तर ०.७९, आणि ०.२ इतकं आवळलं तर थेट ०.१६. सैल करताना अंदाज फारसा सरकत नाही. आता याच आकड्यांवर ‘गुणांक शून्य’ या मॉडेलविरुद्ध बेझ फॅक्टर काढा. विचलन १ असताना तो २.१, म्हणजे गुणांकाच्या बाजूने; ५ असताना ०.५८, म्हणजे शून्याच्या बाजूने. डेटा तोच! म्हणून बेझ फॅक्टर हवा असेल तेव्हा ‘काही माहीत नाही’ म्हणून अतिपसरट प्रायर लावणं हा तटस्थपणा नव्हे.

प्रत्यक्ष तपासणीत मूळ विचलन निम्मं आणि दुप्पट करून मॉडेल पुन्हा चालवा, मग नॉर्मलऐवजी शेपट्या जाड असलेला स्टुडंट-टी लावा. एका वेळी एकच बदल करा, नाहीतर फरक कशामुळे पडला ते कळत नाही. प्रत्येक प्रायरमधून आधी खोटा डेटा काढून बघा; महागाईदर हजार टक्के येत असेल तर तो प्रायर तुलनेत घेण्याजोगाच नाही.

डेटा गटांमध्ये विभागलेला असेल आणि गट पाच-सातच असतील तर गटांमधल्या व्हेरिअन्सवर विशेष लक्ष ठेवा. तिथे इन्व्हर्स-गॅमा (०.००१, ०.००१) हा प्रायर निरुपद्रवी दिसतो, पण खरा व्हेरिअन्स शून्याजवळ असला की उत्तर तोच ठरवतो. त्याऐवजी प्रमाण विचलनावर हाफ-नॉर्मल किंवा हाफ-टी (त्या वितरणांची फक्त शून्याच्या वरची बाजू) लावा.

फरक दिसला की आधी सिम्युलेशनची, म्हणजे पोस्टिरिअरमधून नमुने काढणाऱ्या साखळ्यांची, त्रुटी पाहा. आर-हॅट (साखळ्या एकमेकींशी जुळतात का ते सांगणारा आकडा) १.०१ च्या वर असेल किंवा प्रभावी नमुने (सगळे नमुने मिळून किती स्वतंत्र नमुन्यांइतके भरतात ती संख्या) ४०० पेक्षा कमी असतील, तर तो फरक प्रायरचा की साखळीचा हे सांगता येत नाही.

अहवालात सगळे प्रायर द्या, सोयीचा तेवढाच नको. निष्कर्ष उलटत असेल तर कुठे उलटतो तो आकडा लिहा. वरच्या उदाहरणात बेझ फॅक्टर साधारण २.८ विचलनाला १ होतो. गुणांक एवढा मोठा असणं त्या विषयात शक्य आहे का, हे वाचणाऱ्याला मग स्वतः तपासता येतं.