लिफ्ट किट घेण्याआधी मोजपट्टी, खडू आणि वजनकाटा

लिफ्ट किट म्हणजे गाडी उंच करणाऱ्या स्प्रिंग आणि शॉकॲब्सॉर्बर (शॉक) यांचा संच. ते कुठल्या कंपनीचं घ्यायचं हा प्रश्न तूर्त बाजूला ठेवा. त्याआधी मोजपट्टी, खडूचा तुकडा आणि चांगला उजेड पडेल अशी टॉर्च घ्या, गाडी सपाट फरशीवर लावा आणि खाली शिरा. आतापर्यंत गाडी कुठे कुठे घासली आहे, ते सगळं तिच्या पोटावर लिहून ठेवलेलं असतं. प्रत्येक ओरखड्याला खडूने गोल करा आणि फोटो काढा. लिफ्ट किटची अर्धी खरेदी या फोटोंवर ठरते.

ओरखडे कुठे आहेत, यावर उपाय बदलतो. मागच्या डिफरन्शियलच्या गोळ्याला, म्हणजे दोन चाकांना जोडणाऱ्या ॲक्सलच्या मधल्या गिअरच्या फुगवट्याला, खरचटलं असेल तर लिफ्ट किटने काहीही फरक पडणार नाही. स्प्रिंगने चेसिस वर उचलली जाते, ॲक्सल जिथल्या तिथेच राहतो. मारुतीच्या जिमनीला तर पुढे-मागे दोन्हीकडे अखंड ॲक्सल आहे, म्हणजे दोन्ही गोळे जमिनीपासून तेवढ्याच उंचीवर राहणार. ॲक्सल वर न्यायचा साधा मार्ग एकच, मोठा टायर, आणि त्यातही व्यास जितका वाढेल त्याच्या निम्मीच उंची पदरात पडते. जिमनीचा मूळ १९५/८० आर १५ टायर साधारण ६९३ मिलिमीटर व्यासाचा. २१५/७५ आर १५ घातला तर व्यास होतो ७०३ च्या आसपास, म्हणजे गोळा उचलला गेला फक्त ५ मिलिमीटर. २३५/७५ आर १५ ला गेलात तर २० मिलिमीटर मिळतात. किटवाला ‘दोन इंच उंच’ म्हणतो तेव्हा कुठला भाग दोन इंच उंच, हे त्याला तिथल्या तिथे विचारा.

ओरखडे पायदानावर, गिअरबॉक्सखालच्या क्रॉसमेंबरवर (चेसिसच्या आडव्या पट्टीवर) किंवा टाकीच्या गार्डवर असतील तर मात्र लिफ्टचा उपयोग आहे. ट्रॅक्टरने पाडलेल्या खोल चाकोऱ्यांत गाडी मधल्या उंचवट्यावर पोट टेकून बसते, चारही चाकं फिरत राहतात आणि गाडी जागची हलत नाही, हा प्रकार पावसाळ्यात मावळात किंवा कोकणात उतरणाऱ्या कच्च्या वाटांवर नेहमीचा. तिथे दोन इंच कामाला येतात. पण फक्त पायदानच घासत असेल तर आधी पायदान काढा. चार-सहा बोल्ट आणि पाऊण तास. नाक घासत असेल तर पुढचा बंपर छोटा करून घेणं स्वस्तात पडतं. आणि काळ्या मातीच्या चिखलात गाडी रुतते म्हणून लिफ्ट घेत असाल तर पैसे टायरमध्ये घाला. तिथे उंचीचा प्रश्न नसतो, टायरच्या खाचा मातीने भरून गुळगुळीत होतात हा असतो.

आता मापं. जमिनीपासून बंपरपर्यंतचं अंतर मोजू नका, टायरमधली हवा आणि फरशीचा उतार त्यात घोळ घालतात. चाकाच्या मध्यबिंदूपासून सरळ वर मडगार्डच्या काठापर्यंत मोजा, चारही कोपऱ्यांवर. एकदा टाकी भरून आणि गाडी रिकामी ठेवून, एकदा नेहमीच्या ट्रिपचं सगळं सामान आणि माणसं घालून. आठ आकडे मास्किंग टेपवर लिहून टेप ग्लोव्हबॉक्सच्या आत चिकटवून ठेवा, पुढे लागणार आहेत. बऱ्याच जुन्या गाड्यांत उजवी बाजू डावीपेक्षा थोडी बसलेली सापडते. वर्षानुवर्षं ड्रायव्हर एकटाच बसतो, त्याचा परिणाम. जुन्या जिप्सीचे किंवा महिंद्रा मेजरचे कमान पाटे सपाट झालेले असतील तर मूळ मापाचा नवा संच बसवूनच गाडी चांगलीच वर येते, आणि मग लिफ्टची गरजच उरत नाही.

वजनाकडे बहुतेक जण काणाडोळा करतात आणि माझ्या मते सगळ्यात जास्त वेळ तिथेच द्यायला हवा. स्प्रिंग उंचीवर नाही, वजनावर निवडायची असते. ऑस्ट्रेलियातल्या नामांकित कंपन्यांचे कॅटलॉग उघडून बघा. एकाच गाडीसाठी एकाच उंचीच्या दोन-तीन वेगवेगळ्या स्प्रिंग असतात: कायमचं वजन नसलेली गाडी, मध्यम वजनाची, आणि लोखंडी बंपर, विंच (रुतलेली गाडी तारेने ओढून काढणारं यंत्र) असं सगळं लादलेली. आपल्याकडे दुकानात मात्र ‘दोन इंचाचं किट द्या’ एवढंच बोललं जातं.

म्हणून गाडी वजनकाट्यावर न्या. बाजार समितीजवळ, खडी क्रशरजवळ, साखर कारखान्याच्या वाटेवर काटे असतातच. पूर्ण गाडीचं वजन घ्या, मग फक्त पुढची चाकं काट्यावर ठेवून एकदा, फक्त मागची ठेवून एकदा. ट्रक तोलणारा काटा आहे, दहा-वीस किलो इकडे तिकडे चालायचंच. काटेवाला विचारील, ‘मालक, रिकामीच गाडी तोलताय?’ हो म्हणा आणि पावती जपून ठेवा. घरी येऊन कागदावर लिहा की येत्या वर्षभरात गाडीवर कायमचं काय चढणार आहे. विंच आणि लोखंडी बंपर मिळून पुढच्या ॲक्सलवर सहज ६० ते १०० किलो येतात. टपावर तंबू, मागे दुसरं स्टेपनी, फ्रिज, पाण्याचे कॅन. ‘कधीतरी घेऊ’ वाल्या गोष्टी यादीतून खोडा.

हिशेब फार अवघड नाही. समजा एका स्प्रिंगला मिलिमीटरभर दाबायला ४ किलो लागतात. पुढे १०० किलोचा बंपर आणि विंच बसवलात तर प्रत्येक स्प्रिंगवर ५० किलो आले, म्हणजे नाक साधारण साडेबारा मिलिमीटर खाली. दोन इंचांतला अर्धा इंच गेला. उलट जड गाडीसाठीची कडक स्प्रिंग रिकाम्या गाडीला लावली तर ठरलेल्यापेक्षा जास्त उंची मिळते, मालक खूश होतो आणि पहिल्याच घाटातल्या खड्ड्यात मागची सीट ‘आई गं’ म्हणते. शिवाय खडकाळ चढावर अशी स्प्रिंग दबतच नाही. एक चाक हवेत राहतं, पकड जाते. ऑफरोडसाठी केलेला खर्च ऑफरोडलाच नडतो.

वजन ठरलं की उंची. रोज ऑफिसला आणि महिन्यातून एखाद्या वेळी डोंगरात जाणाऱ्या गाडीला दीड ते दोन इंच, म्हणजे ४० ते ५० मिलिमीटर, माझ्या हिशेबाने पुरेसे. त्यावर गेलात की एकेक सुटा भाग मागे लागतो. कुठला, ते गाडीच्या बांधणीवर अवलंबून.

ऑक्टोबर २०२० मध्ये आलेल्या थारला पुढे स्वतंत्र सस्पेन्शन आहे, दुहेरी विशबोन (चाक धरून ठेवणारे वर-खाली दोन त्रिकोणी आर्म) आणि शॉकवरच बसवलेली स्प्रिंग. मागे अखंड ॲक्सल. इथे स्वस्तातला उपाय म्हणून पुढच्या शॉकच्या डोक्यावर चकती ठेवतात. विशबोन तरफेसारखा काम करतो, त्यामुळे चकतीच्या जाडीपेक्षा चाकापाशी मिळणारी उंची जास्त असते. ‘एक इंची स्पेसर’ म्हणून विकलेल्या वस्तूने गाडी जवळजवळ दोन इंच उठू शकते, तेव्हा चकतीची जाडी वेगळी आणि चाकापाशी मिळणारी उंची वेगळी विचारा. उंची वाढली की चाकाकडे जाणाऱ्या शाफ्टचा सीव्ही जॉइंट (वळत्या चाकालाही ताकद पोचवणारा सांधा) तिरका होतो आणि त्यावरच्या रबरी बूटच्या घड्या एका बाजूला कायम दाबलेल्या राहतात. आधी बारीक चीर पडते, मग चाकाच्या आतल्या बाजूला काळं ग्रीस शिंपडलेलं दिसायला लागतं, आणि त्या चिरेतून माती आत गेली की स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर कटकट आवाज. वरचा विशबोन पूर्ण खाली लोंबल्यावर स्प्रिंगला टेकतो का आणि बॉलजॉइंट आपल्या मर्यादेला भिडतो का, हेही बघायचं. लिफ्टसोबत बदली अप्पर आर्म देणारं किट महाग वाटतं, पण दोन इंचांच्या वर जायचंच असेल तर ते सोडून बाकीचं घेऊ नका.

जिमनीची दुखणी वेगळी. अखंड ॲक्सलला आडवा धरून ठेवणारा पॅनहार्ड रॉड असतो. त्याचं एक टोक चेसिसला, दुसरं ॲक्सलला. चेसिस वर गेली की हा रॉड ॲक्सलला एका बाजूला ओढतो, म्हणून लांबी कमी-जास्त करता येणारा रॉड यादीत हवा. दुसरं, ॲक्सलला चेसिसशी जोडणारे पुढचे आर्म तिरके होऊन कॅस्टर, म्हणजे चाक ज्या आसाभोवती वळतं त्याचा मागे कललेला कोन, कमी होतो. कॅस्टर कमी झाला की वळणानंतर स्टिअरिंग आपोआप सरळ व्हायचं ते आळसावतं आणि एक्स्प्रेसवेवर गाडी सरळ धरायला सतत हात द्यावा लागतो. त्यासाठी कॅस्टर दुरुस्तीचे बुश (सांध्यात बसणाऱ्या रबरी नळ्या) किंवा ब्रॅकेट मिळतात. किटमध्ये ते आहेत का, नसतील तर वेगळे किती पडतील, हे बिल करण्याआधी ठरवा. कमान पाट्यांच्या गाड्यांना लांब शॅकल (पाट्याचं टोक चेसिसला टांगणारी पट्टी) लावून उंची काढायची पद्धत आहे, ती मला पटत नाही. पुढच्या पाट्यांना ती केली की कॅस्टर बिघडतो आणि गाडी डुलते. बॉडी लिफ्ट म्हणजे चेसिस आणि बॉडीच्या मध्ये ठोकळे. मोठ्या टायरला जागा होते, पोट जिथल्या तिथे. पुढे जाऊ.

शॉकॲब्सॉर्बर मूळचेच ठेवून नुसत्या स्प्रिंग बदलायचा मोह होतो. लिफ्ट केल्यावर चाक खाली लोंबायला शॉकची लांबी पुरत नाही. खड्ड्यात चाक उतरलं की शॉक आतून ठोकर खातो, धाड आवाज येतो आणि थोड्याच दिवसांत सील तेल सोडतं. नवे शॉक घेताना त्यांची पूर्ण दाबलेली आणि पूर्ण ताणलेली, दोन्ही मापं मागा. फार लांब शॉक असेल तर बंप स्टॉपला, म्हणजे चाकाला वर अडवणाऱ्या रबरी ठोकळ्याला, टेकण्याआधी शॉकच तळाला लागतो, मग बंप स्टॉपही वाढवावे लागतात. जॅकवर गाडी घेऊन चाक पूर्ण लोंबू द्या आणि ब्रेकचा रबरी पाइप व एबीएसची वायर हाताने चाचपा. ताणलेली लागली तर लांब पाइप किंवा ब्रॅकेट खाली सरकवणं हे त्याच दिवशी, नंतर नाही.

टायर मोठे करणार असाल तर दोन्ही टोकांपर्यंत स्टिअरिंग वळवून बघा, आणि नुसतं सपाटीवर नाही, एक चाक दगडावर चढवून. थारचा २४५/७५ आर १६ काढून २६५/७० आर १७ घातला तर व्यास ७७४ वरून ८०३ मिलिमीटरच्या आसपास जातो. स्पीडोमीटर आधी दाखवायचा त्याच आकड्यावर गाडी आता जवळजवळ पावणेचार टक्के जास्त वेगाने पळते. स्पीड कॅमेऱ्याला हे कारण सांगता येत नाही.

गाडी उंच झाली की गुरुत्वमध्यही वर जातो. चाकांमधलं आडवं अंतर १५२० मिलिमीटर धरा आणि उदाहरणापुरता गुरुत्वमध्य ७५० वरून ८०० वर गेला असं समजा. कागदावर कलंडण्याचा कोन सुमारे ४५.४ अंशांवरून ४३.५ वर येतो. दोन अंश किरकोळ वाटतात, पण बाजूला कललेल्या वाटेवर एक चाक दगडावर चढलं की तेच दोन अंश लागतात. त्यात टपावर तंबू असेल तर हा हिशेब आणखी बिघडतो. जड सामान खाली ठेवायची सवय लिफ्टच्या आधीपासूनच लावा.

आता कागदपत्रं, हा भाग कुणालाच आवडत नाही. मोटार वाहन कायदा १९८८ च्या कलम ५२ नुसार नोंदणी प्रमाणपत्रातला तपशील उत्पादकाने दिलेल्यापेक्षा वेगळा पडेल असा बदल करता येत नाही, आणि जानेवारी २०१९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने केरळमधल्या एका प्रकरणात तेच ठामपणे सांगितलं. कलम १८२-ए खाली मालकाला प्रत्येक बदलामागे ५,००० रुपये दंड किंवा ६ महिन्यांपर्यंत कैद, किंवा दोन्ही होऊ शकतं. दुकानदार ‘कोणी विचारत नाही साहेब’ म्हणेल. अपघातानंतर विमा कंपनीचा सर्व्हेअर विचारतो. म्हणून किट घेण्याआधी आरटीओत आणि विमा कंपनीकडे चौकशी करा, विमा कंपनीचं उत्तर लेखी घ्या. वॉरंटीतली गाडी असेल तर शोरूममध्येही विचारा. फक्त स्पर्धेसाठी गाडी बांधणारे ती ट्रेलरवर लादून नेतात, त्यामागे हेही एक कारण आहे. आणि हो, सोसायटीच्या पार्किंगची उंची मोजा. थार मुळातच १.८४ मीटर उंच आहे. त्यात लिफ्ट, टायर आणि टपावरचं कॅरिअर मिळवा आणि तळघराच्या तोंडाशी लटकणाऱ्या पाइपाखाली मोजपट्टी धरा.

बसवायच्या दिवशी गॅरेजमध्ये स्वतः थांबा. एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघायची: आर्मच्या रबरी बुशचे बोल्ट गाडी जॅकवर लटकलेली असताना पूर्ण आवळू द्यायचे नाहीत. सैल ठेवायचे, गाडी जमिनीवर उतरवायची, दोन-चार वेळा दाबून हलवायची आणि मग गाडीच्या उभ्या उंचीला टॉर्क रेंचने आवळायचे. लटकत्या अवस्थेत आवळले की रबर कायम पिळलेलं राहतं आणि काही महिन्यांत फाटतं. मेकॅनिक कंटाळतो, चहा मागवा.

त्यानंतर लगेच अलाइनमेंट, आणि भिंतीसमोर गाडी लावून हेडलाइटचा झोत खाली. समोरच्या दुचाकीवाल्याच्या डोळ्यांत प्रकाश मारत हिंडू नका. साधारण ५०० किलोमीटरनंतर सगळे बोल्ट पुन्हा तपासा, पाट्यांची गाडी असेल तर यू-बोल्ट नक्की. स्प्रिंग तोवर थोड्या बसलेल्या असतात. ग्लोव्हबॉक्समधल्या टेपवरच्या आठ आकड्यांशेजारी नवे आठ लिहा, आणि डाव्या-उजव्यात फरक दिसला तर बिल घेऊन दुकान गाठा.

काढलेल्या स्प्रिंग आणि शॉक भंगारात देऊ नका. गाडी विकताना किंवा पुन्हा पासिंगला नेताना लागतात. पुढची-मागची, डावी-उजवी अशी चिठ्ठी प्रत्येकाला तारेने बांधा, ग्रीस चोपडून गोणपाटात गुंडाळा आणि माळ्यावर ठेवा.