शेल्टरमधून आणलेल्या मांजराचे डोळे आले तर काय करावं

मांजर घरी येतं, पहिले तीन-चार दिवस कपाटाखाली दडून बसतं, रात्री सगळे झोपले की बाहेर येऊन खाऊन जातं. आता रुळतंय असं वाटायला लागतं आणि सहाव्या-सातव्या दिवशी सकाळी एक डोळा बारीक झालेला दिसतो. कोपऱ्यात पाणी, संध्याकाळपर्यंत चिपडं, सोबत दोन-चार शिंका. शेल्टरवाल्यांनी आजारी मांजर गळ्यात मारलं, असा निष्कर्ष घरात लगेच निघतो. बहुतेक वेळा तो चुकीचा असतो.

मांजरांच्या सर्दी-डोळ्यांमागे सगळ्यात जास्त वेळा त्यांचा स्वतःचा हर्पिस विषाणू असतो. (तो माणसाला लागत नाही.) लहानपणी एकदा लागण झाली की तो चेहऱ्याच्या मज्जातंतूंच्या गाठीत कायमचा मुक्काम ठोकतो. मांजराची जागा बदलली की हा जागा होतो, आणि ताण आल्यापासून तो पुन्हा बाहेर पडेपर्यंत साधारण 4 ते 11 दिवस जातात. म्हणून शेल्टरमधून निघताना स्वच्छ असलेले डोळे तुमच्या घरी येऊन बिघडतात. लस झालेल्या मांजरालाही हे होतं. लस आजाराचा जोर कमी करते, लागण पूर्ण थांबवत नाही.

आधी नुसतं बघा

मांजराला उचलून डोळा ताणून बघायची घाई नको. खिडकीच्या उजेडात ते खात असताना दोन हातांवरून बघा, मोबाइलवर दोन्ही डोळ्यांचा एकत्र फोटो काढा. तुलनेसाठी तो उपयोगी पडतो, आणि दवाखान्यात मांजर डोळे मिटून बसलं तर डॉक्टरांना दाखवायलाही.

डोळे टक्क उघडे आहेत आणि कोपऱ्यात सकाळी थोडा तपकिरी सुका खडा आहे, तर तो पुसून टाका. काळजीचं काही नाही. अश्रूंमधल्या रंगद्रव्यामुळे तो लालसर दिसतो, ते रक्त नव्हे. दोन्ही डोळ्यांतून पाणी, नाक वाहतंय, शिंका आहेत, तर हर्पिस किंवा कॅलिसी विषाणूची सर्दी. जिभेवर फोड असतील, तोंडातून लाळ गळत असेल तर कॅलिसीची शक्यता जास्त. एका डोळ्याची आतली गुलाबी त्वचा फुग्यासारखी सुजून बाहेर आली आहे, आठवड्याभरात दुसराही डोळा तसाच झाला, आणि सर्दी मात्र नावापुरती, तर क्लॅमिडिया नावाच्या जिवाणूचा संशय घ्यावा. वर्षाच्या आतल्या पिल्लांत तो जास्त दिसतो.

नाकाकडच्या कोपऱ्यातून पांढरट पडदा दोन्ही डोळ्यांवर अर्धवट आलेला असेल तर ती तिसरी पापणी. दोन्हीकडे सारखीच दिसत असेल तर दुखणं अनेकदा डोळ्याचं नसतंच. जंत, जुलाब, ताप किंवा अंगातलं पाणी कमी होणं, यातलं काहीतरी असतं.

पुढच्या गोष्टींना मात्र उद्या नाही, आजच डॉक्टर:

- एक डोळा घट्ट मिटलेला, उजेड सहन होत नाही, मांजर पंजाने डोळा चोळतंय
- बुबुळावर निळसर-पांढरी झाक, खळगा किंवा काळा ठिपका
- एक बाहुली मोठी, एक लहान. किंवा दोन्ही मोठ्या होऊन मांजर वस्तूंना धडकतंय (वय झालेल्या मांजरात हे वाढलेल्या रक्तदाबामुळे होऊ शकतं)
- डोळा पुढे आलेला, आत रक्त दिसतंय
- दहा-पंधरा दिवसांच्या पिल्लाच्या मिटलेल्या पापण्यांमागे फुगवटा, म्हणजे आत पू साठलाय

कुठले थेंब घालू नयेत

सगळ्यात जास्त नुकसान इथेच होतं. घरात कुणाचे तरी डोळे आले होते तेव्हाची बाटली फ्रिजच्या दारात असते, किंवा केमिस्ट विचारल्याबरोबर एक बाटली काढून देतो. माणसांसाठीच्या बऱ्याच थेंबांत प्रतिजैविकासोबत स्टेरॉइड असतं. ते घातल्यावर लाली काही तासांत उतरते, घरचे खूश होतात. पण बुबुळावरच्या पारदर्शक पटलाला, म्हणजे कॉर्नियाला जखम असेल तर स्टेरॉइडमुळे ती भरत नाही, खोल जाते, आणि काही दिवसांत डोळा फुटूही शकतो. हर्पिसला तर स्टेरॉइड म्हणजे मोकळं रान. बाटलीवर डेक्सामेथासोन, प्रेडनिसोलोन, बीटामेथासोन, लोटेप्रेडनॉल किंवा फ्लुओरोमेथोलोन यांपैकी काहीही लिहिलेलं असेल तर ती मांजरासाठी नाही. औषधाच्या नावापुढे ‘डी’ किंवा ‘डेक्स’ दिसलं तर घटकांची यादी दोनदा वाचा.

गुलाबपाणी, मध, हळद, दुधाची साय, एरंडेल, काजळ, बोरिक पावडर, यातलं काहीही नको. आजीच्या बटव्याबद्दल आदर ठेवूनही नको.

सर्दी आहे म्हणून पॅरासिटामॉल तर अजिबात नाही. एक गोळीही मांजराचा जीव घेऊ शकते. हर्पिसवर माणसांना देतात ती व्हॅलासायक्लोव्हिरही मांजराला विषारी आहे. गरज पडली तर डॉक्टर फॅमसायक्लोव्हिर देतात, तेही वजन मोजून. लायसिनच्या पेस्टवर पैसे घालवू नका. त्याचा उपयोग होत नाही, हे 2015 च्या अभ्यास-आढाव्यात स्पष्ट झालं, तरी दुकानांत ती अजून मिळतेच.

साफ कसं करावं

केमिस्टकडून नॉर्मल सलाइनची (0.9 टक्के) 100 मिलीची छोटी बाटली आणि निर्जंतुक गॉजचं पाकीट आणा. कापूस नको, त्याचे तंतू डोळ्यात अडकतात. सलाइन नसेल तर उकळून कोमट केलेलं साधं पाणी चालतं. उघडलेली सलाइनची बाटली 24 तासांनंतर टाकून द्या.

चिपडं वाळून घट्ट झाली असतील तर ओढू नका. भिजवलेला गॉज मिटल्या डोळ्यावर अर्धा-एक मिनिट ठेवा, मग नाकाकडून कानाच्या दिशेने एकदाच पुसा. प्रत्येक वेळी नवा तुकडा, दोन डोळ्यांना वेगवेगळे. दिवसातून दोन-तीनदा पुरे. सारखं पुसत राहिलं तर पापणीची त्वचा सोलवटते आणि मांजर तुम्हाला बघताच पळायला लागतं.

दवाखान्यात काय तपासून घ्यावं

परळला बाई साकरबाई दिनशा पेटिट रुग्णालय आहे, म्हणजे मुंबईकरांचं ‘बैलघोडा हॉस्पिटल’. 1886 पासूनचं पशुवैद्यकीय महाविद्यालयही परळलाच आहे, आणि महालक्ष्मीला टाटा ट्रस्ट्सचं प्राण्यांचं रुग्णालय 2024 मध्ये सुरू झालं. जवळचा चांगला दवाखाना असेल तर लांब जायची गरज नाही. फक्त डोळ्याच्या तपासणीची साधनं आहेत का, हे आधी फोनवर विचारा. मांजर कॅरियरमध्ये न्या आणि वरून जुनी चादर टाका, कारण बाहेरच्या बाकावर शेजारी कुत्रा असणारच.

थेंब लिहून घेण्याआधी एक मागणी ठामपणे करा: फ्लुओरेसिन चाचणी. नारिंगी रंगाची कागदी पट्टी सलाइनने ओली करून डोळ्याला टेकवतात आणि निळ्या उजेडात बघतात. जखम असेल तर तेवढीच जागा हिरवी चमकते. फांद्यांसारखी रेघ दिसली तर हर्पिस जवळजवळ नक्की. दोन मिनिटांचं काम आहे, आणि त्याशिवाय कुठलं औषध सुरक्षित हे कळत नाही.

क्लॅमिडिया असेल तर नुसत्या थेंबांनी भागत नाही. पोटातून डॉक्सिसायक्लिन द्यावं लागतं, तेही साधारण 4 आठवडे. आठवड्यात डोळे छान दिसतात म्हणून लोक औषध थांबवतात आणि महिन्याभरात पुन्हा तेच. डॉक्सिसायक्लिनची गोळी अन्ननलिकेत अडकली तर तिथे भाजल्यासारखी जखम होते, पुढे अन्ननलिका आखडते. म्हणून गोळीमागोमाग सिरिंजने 5-6 मिली पाणी किंवा चमचाभर ओलं खाणं द्यायलाच हवं. एन्रोफ्लॉक्सासिनची गोळी किंवा इंजेक्शन असेल तर मात्रा विचारून घ्या. किलोमागे दिवसाला 5 मिलिग्रॅमच्या वर गेलं तर दृष्टिपटल खराब होऊन मांजर आंधळं होऊ शकतं.

थेंब घालायची पद्धत

1. मांजराला टर्किश टॉवेलात गुंडाळा, फक्त डोकं बाहेर. बिलगून बसणारं मांजर असेल तर टॉवेलही लागत नाही.
2. त्याची पाठ तुमच्या पोटाकडे करून टेबलावर किंवा मांडीवर घ्या. समोरून बाटली येताना दिसली की खेळ संपला.
3. एका हाताने हनुवटी किंचित वर करा. दुसऱ्या हातात बाटली, त्याच हाताची करंगळीकडची बाजू मांजराच्या कपाळावर टेकवून वरची पापणी हलकेच मागे ओढा. मांजराने मान हलवली तरी हात सोबत हलतो, बाटली डोळ्यात घुसत नाही.
4. एकच थेंब. मांजराच्या डोळ्यात तेवढाही पूर्ण मावत नाही, दुसरा गालावरून ओघळतो. टोक डोळ्याला लागू देऊ नका.
5. दोन औषधं असतील तर मध्ये 5 मिनिटं थांबा. आधी पातळ थेंब, शेवटी मलम. मलम तांदळाच्या दाण्याएवढं, खालच्या पापणीच्या आत.
6. लगेच आवडीचा खाऊ.

मांजर डोळा खाजवत असेल तर गळ्यात कोन (डोक्याभोवतीची नरसाळ्यासारखी कॉलर) घालावाच लागतो. जेवताना तो काढायचा असेल तर समोर बसून राहा. डोळा बिघडवायला मागच्या पायाची एक नखी पुरेशी असते.

कॉर्नियाची साधी जखम आठवड्याभरात भरते. भरली नाही तर थेंब बदलत बसू नका, कारण शोधा: आत वळलेली पापणी, टोचणारा केस, सुकलेला अश्रूंचा थर, हर्पिस. मुंबईत सोडून दिलेली पर्शियन मांजरं शेल्टरमध्ये बरीच येतात. चपट्या नाकामुळे त्यांची अश्रुनलिका वाकडी असते, डोळे सतत वाहतात, आणि कॉर्नियावर काळा खपलीसारखा डाग पडण्याचं प्रमाण त्यांच्यात जास्त. तो डाग थेंबांनी जात नाही, बहुतेकदा शस्त्रक्रिया लागते. अशा मांजराचे डोळे रोज पुसणं हे आयुष्यभराचं काम समजा.

घरात काय बदलावं

वन-बीएचके असला तरी मांजराला दोन आठवडे एक बंद खोली द्या. घरात दुसरं मांजर असेल तर हे सक्तीचंच. भांडी, शी-शूचं लिटर, टॉवेल वेगळे. हात लावल्यावर साबणाने धुवा. क्लॅमिडिया क्वचित माणसालाही लागू शकतो. एका कडेला आडवं ठेवलेलं पुठ्ठ्याचं खोकं हे ताणावरचं स्वस्तातलं औषध आहे.

फिनाइल बंद. मांजराच्या यकृताला फिनॉल झेपत नाही. हर्पिसचा विषाणू बाहेर फार टिकत नाही, दमट जागी जेमतेम 18 तास. पण कॅलिसी अनेक दिवस टिकतो. लादी आधी साबणाने पुसा, मग एक लिटर पाण्यात 30 मिली ब्लीच, 10 मिनिटं ठेवून साध्या पाण्याने पुसा. लादी सुकेपर्यंत मांजर बाहेर. ब्लीचमध्ये ॲसिड किंवा दुसरं काही मिसळू नका. अगरबत्ती, धूप, कापूर, मच्छरची कॉइल त्या खोलीत नको. गणपतीत आरती बाहेरच्या खोलीत आणि मांजराचं दार बंद.

नाक चोंदलं की वास येत नाही, आणि वास नाही तर मांजर खात नाही. गरम पाण्याचा नळ सोडून बाथरूममध्ये वाफ करा, मांजराला तिथे 10 मिनिटं बसवा. बाम किंवा निलगिरी घालू नका. उकडलेला बांगडा किंवा चिकन काटे-हाडं काढून कोमट द्या. मीठ, कांदा, लसूण नाही. मोठं मांजर 24 तास किंवा पिल्लू 12 तास उपाशी राहिलं तर डोळा बाजूला ठेवून आधी त्यासाठी डॉक्टरांकडे जा.

बरं झाल्यावरही हा विषाणू अंगात राहतोच. दिवाळीचे फटाके, घराचं रंगकाम, तुम्ही गावी गेल्यावर बोर्डिंगमधले चार दिवस, यानंतरच्या पंधरवड्यात डोळ्यांवर लक्ष ठेवा. तेव्हा मागच्या वेळची बाटली मात्र उघडू नका. एकदा सील फोडलेले थेंब महिन्याभरात टाकायचे असतात, म्हणून बाटली आणली त्याच दिवशी तिच्यावर पेनाने तारीख लिहा.