बिचाऱ्या फ्लॉपीचा काय दोष!

जुन्या पीसीच्या आयसा स्लॉटसाठी, म्हणजे जादा कार्ड खोचायच्या खाचेसाठी, एक आय/ओ (डेटा आत-बाहेर नेणारं) कार्ड बनवलं. पत्ता हेक्स (सोळा-आधारी) ३००, आणि बसवर, म्हणजे सामाईक तारांवर, आलेला पत्ता आपलाच का हे ताडायला ७४एलएस६८८ ही चिप. टेस्ट प्रोग्रॅम पहिल्याच फटक्यात चालला, त्यामुळे कार्डावर संशय आलाच नाही. पण कार्ड लावलं की फ्लॉपीवरून कॉपी केलेल्या फायली खराब निघायच्या. दोन ड्राइव्ह आणि एक केबल उगाचच बदलून झाली.

शेवटी मूळ आणि खराब फाइल हेक्समध्ये शेजारी शेजारी उघडली. दर १०२४ बाइटांनी लागोपाठ आठ बाइट बिघडलेले! आठ म्हणजे माझ्याच कार्डाचे आठ पोर्ट, म्हणजे लागोपाठचे आठ पत्ते. १०२४ म्हणजे कार्ड बघतं त्या दहा ॲड्रेस लाइन; दहा लाइनवर तेवढेच पत्ते होतात, मग तेच पुन्हा. फ्लॉपीचा डेटा डीएमएने, म्हणजे प्रोसेसरला वगळून थेट मेमरीत, जातो. तेव्हा बसवर पत्ता मेमरीचा असतो, पण आयओआर (पोर्टवरून वाचायचा) सिग्नलही चालू होतो. कार्डाला वाटायचं आपल्यालाच हाक मारली, आणि ते मध्येच स्वतःचा डेटा बसवर ढकलायचं. हे टाळायलाच एईएन सिग्नल असतो; डीएमए चालू असताना तो कार्डांना गप्प राहायला सांगतो. मी मात्र ६८८ची पिन १, म्हणजे चिप चालू-बंद करणारी पिन, सरळ ग्राउंड करून, म्हणजे कायम चालू ठेवून, मोकळा झालो होतो.

ट्रॅक कापला, स्लॉटच्या ए११ वरून, म्हणजे एईएनवरून, त्या पिनला बारीक वायर जोडली. पुन्हा कॉपी केली, फायली ताडून पाहिल्या. एकाही बाइटचा फरक नाही.