तान्ह्या बाळाचा ब्राँकिओलायटिस: वाफ कधी द्यावी, कशी द्यावी

वर्षाच्या आतील बाळाला सर्दी होऊन दोन-तीन दिवसांत छातीत घरघर सुरू झाली आणि श्वास जोरात चालू लागला, तर तो बहुधा ब्राँकिओलायटिस असतो. आरएसव्हीसारख्या विषाणूंमुळे फुप्फुसातील बारीक श्वासनलिका सुजतात आणि चिकट स्रावाने भरतात. दम्यात नलिकांभोवतीचे स्नायू आवळले जातात, म्हणून ते सैल करणाऱ्या साल्ब्युटामॉल या औषधाच्या वाफेने चटकन आराम पडतो. येथे अडथळा मुख्यतः सुजेचा आणि स्रावाचा असल्याने त्याचा सहसा उपयोग होत नाही, आणि अमेरिकेतील बालरोगतज्ज्ञांच्या अकादमीने २०१४ सालीच ते या आजारात देऊ नये असे सांगितले आहे. थोरल्या भावंडाचे उरलेले औषध तर मुळीच वापरू नये.

घरी करण्यासारखे खरे काम नाकाचे आहे, कारण पहिले काही महिने बाळ प्रामुख्याने नाकानेच श्वास घेते. दूध पाजण्याआधी प्रत्येक नाकपुडीत सलाइनचे (निर्जंतुक मिठाच्या पाण्याचे) दोन-तीन थेंब सोडावेत, मिनिटभर थांबावे आणि नाक साफ करण्याच्या रबरी फुग्याने (बल्ब सिरिंजने) स्राव हलकेच ओढून घ्यावा. फुगा नाकाबाहेरच दाबून मग टोक आत न्यावे. दूध थोडे-थोडे, पण वरचेवर पाजावे. नाकात तेल सोडणे आणि ओव्याची धुरी, आजीने कितीही आग्रह धरला तरी, टाळावे: तेल फुप्फुसात उतरू शकते आणि धुराने सूज वाढते. उकळत्या पाण्याची वाफही नको. भाजण्याचा धोका असतो.

दाखल केलेल्या बाळाला डॉक्टर कधी ३ टक्के सलाइन नेब्युलायझरने, म्हणजे औषधाचे बारीक तुषार करणाऱ्या यंत्राने, देतात. तेव्हा बाळाला मांडीवर उभे धरावे आणि मास्क नाका-तोंडावर नीट टेकवावा. मास्क लांब धरला की औषध हवेतच विरते. रडणाऱ्या बाळाच्या फुप्फुसातही ते फारसे पोहोचत नाही, म्हणून आधी बाळाला शांत करावे.

आजार साधारण तिसऱ्या ते पाचव्या दिवशी सर्वाधिक जोर धरतो. खोकला मात्र दोन-तीन आठवडेही रेंगाळतो. झोपलेल्या बाळाचे पूर्ण एक मिनिट श्वास मोजावेत. दोन महिन्यांखालील बाळात ६० किंवा अधिक, त्यापुढे वर्षापर्यंत ५० किंवा अधिक श्वास असतील, तर डॉक्टरांना दाखवावे. पोट उडत असेल, बाळ नेहमीच्या निम्मेच दूध पीत असेल, ओठ निळसर दिसत असतील किंवा श्वास मध्येच थांबत असेल, तर तडक रुग्णालय गाठावे. तेथे गरजेनुसार ऑक्सिजन आणि नळीवाटे दूध देता येते.