जुन्या पीसीत हार्ड डिस्कच्या जागी सीएफ कार्ड: घोडं अडतं ते बूटवर

इंदूरच्या सांवेर रोडच्या कारखान्यांत डॉसवर (विंडोजच्या आधीची, कमांड टाइप करायची सिस्टिम) चालणारी मशिनं अजून आहेत, आणि त्यांच्या आयडीई, म्हणजे जुन्या चपट्या केबलच्या, डिस्का आता खरखरायला लागल्यात. ‘नवा पीसी घ्या’ म्हणणाऱ्यांनी मशीनचं आयएसए कार्ड (जुन्या पीसीच्याच स्लॉटमध्ये बसणारं) त्यात कुठे खोचायचं तेही सांगावं. त्यापेक्षा कॉम्पॅक्ट फ्लॅश, म्हणजे सीएफ कार्ड घाला. आयडीईचा कंट्रोलर या कार्डातच असतो, अ‍ॅडॉप्टर नुसत्या तारा जोडून देतो. एसडी कार्डाला मात्र मध्ये वेगळी चिप लागते. त्यामुळे इंदूरच्या जेल रोडवर कुणी दुकानदाराने ‘भिया, चल जाएगा’ म्हणत एसडीचा अ‍ॅडॉप्टर पुढे केला, तर घेऊ नका.

डेस्कटॉपला ४० पिनांचा अ‍ॅडॉप्टर, लॅपटॉपला ४४ पिनांचा. डॉस ६.२२ साठी २ जीबीचं कार्ड पुरतं, कारण त्याचं पार्टिशन, म्हणजे डिस्कचा आखून दिलेला भाग, त्याहून मोठं होतच नाही. विंडोज एक्सपी टाकायचं असेल तर ‘फिक्स्ड डिस्क’ अशी ओळख देणारं इंडस्ट्रियल कार्डच घ्या. कॅमेऱ्याची बरीच कार्डं ‘रिमूव्हेबल’ म्हणून ओळख देतात आणि सेटअप अडून बसतो.

बसवणं सोपं आहे: अ‍ॅडॉप्टरवरचा जंपर (पिनांवरची छोटी टोपी) मास्टरला, केबलची लाल कड पिन १ कडे, फ्लॉपीचा पॉवर कनेक्टर. कार्ड सरळ दाबा, तिरकं नको. अ‍ॅडॉप्टरच्या पिना केसासारख्या बारीक असतात, वाकल्या की संपलं.

आता खरी गोम. सगळं नीट बसलेलं, कार्ड ओळखलेलं, तरी काळ्या स्क्रीनवर कर्सर नुसता लुकलुकत राहतो. माझं सगळ्यात जास्त डोकं इथेच गेलंय.

‘लॅपटॉपवर कार्ड फॉरमॅट करा, मग पीसीत घाला’ हा सल्ला कानाआड करा. जुना बायोस (पीसी चालू होताच मदरबोर्डवरून सुरू होणारा प्रोग्राम) डिस्क सिलिंडर, हेड, सेक्टरमध्ये मोजतो आणि प्रत्येकाचा हिशोब वेगळा. लॅपटॉपने केलेलं पार्टिशन त्याला जुळेलच असं नाही. म्हणून पार्टिशन त्याच जुन्या मशीनवर, फ्लॉपीवरून बूट करून करायचं.

त्याआधी मदरबोर्डची सीआर२०३२ बॅटरी बदला. मग बायोसमध्ये ऑटो डिटेक्ट चालवून ‘एलबीए’ (सेक्टर सरळ ओळीने क्रमांक देऊन मोजायची पद्धत) निवडा आणि ते कॅबिनेटच्या आतल्या बाजूला मार्करने लिहून ठेवा. पुढे कधी बॅटरी मेली आणि बायोस ‘नॉर्मल’वर गेला, की चांगलं कार्ड ‘खराब’ ठरवून लोक फेकून देतात. ४८६ प्रोसेसरच्या फार जुन्या पीसीत एलबीए नसतोच. तिथे ५०४ एमबीपलीकडचं दिसणार नाही. डॉसला तेवढं पुष्कळ.

एफडिस्कमध्ये (डॉसचा पार्टिशन करायचा प्रोग्राम) आधीचं पार्टिशन उडवा, नवं करा, ते अ‍ॅक्टिव्ह करा. रीस्टार्ट, मग ‘फॉरमॅट सी: /एस’. एवढ्यावर बरेच जण थांबतात. पण कार्डावर कारखान्यातूनच आलेला एमबीआर, म्हणजे बूट जिथून सुरू होतं तो डिस्कचा पहिला सेक्टर, असतो. त्यात बूट कोड नसला तरी एफडिस्क तो आपणहून बदलत नाही. ‘एफडिस्क /एमबीआर’ चालवा, कर्सर हलेल. कमांड देताना जुनी डिस्क काढूनच ठेवा, म्हणजे भलत्या डिस्कवर घाव पडायला नको.

नंतर जुनी डिस्क दुसऱ्या आयडीई चॅनलवर लावा. सीएफबरोबर एकाच केबलवर काही डिस्का मुळीच नांदत नाहीत. डॉसच्या ‘एक्सकॉपी’ कमांडने फायली आणा. लपवलेल्या फायली तो सोडून देतो, म्हणून आधी ‘अ‍ॅट्रिब’ने त्या उघड्या करा. जुन्या सॉफ्टवेअरची लायसन्स फाइल बहुतेक त्यांतच असते.