लेकराच्या दप्तरात गुटख्याची पुडी सापडली तर काय करायचं

आधी ओरडू नका. आमच्या परभणीकडं रीतच आहे, पुडी दिसली की दोन थोबाडीत, मग लेकरू लपवायला शिकतं बस्स. रात्री जेवणं झाल्यावर एकटं बसवा अन साधं विचारा, पहिल्यांदा कोणी दिली, कुठं खाल्ली, दिवसाला किती होतात. आणि हो, तुमच्याच खिशात चुन्याची डबी असेल तर आधी ती काढा, नायतर पोरगं तोंडावर हसतंय.

मग तोंड बघा. स्वतःची तीन बोटं उभी तोंडात जातात का करून बघायला सांगा, जात नसतील किंवा तिखट लागलं की आग होत असेल तर डेंटिस्टकडं न्याच, सुपारीनं गालाची आतली कातडी कडक होते अन तोंड उघडायचं कमी होतं, ते परत पहिल्यासारखं होणं अवघड असतं.

तलफ आली की पाच-दहा मिनिटं टाळायची, बडीशेप, पाणी, नायतर चक्कर मारून यायचं. पहिला आठवडा चिडचिड होते, सांभाळून घ्या. १८००-११-२३५६ ही तंबाखू सोडायला मदत करणारी फोनलाइन (क्विटलाइन) फ्री आहे, पोराला स्वतः बोलू द्या.

टपरीवाल्याचं काय? २००३ च्या कायद्यानं तंबाखूचा माल १८ वर्षांच्या आतल्याला विकता येत नाही, शाळेपासून १०० यार्डातही नाही, अन गुटख्यावर तर राज्यात २०१२ पासून बंदी. एकटे भांडू नका, चार पालक मिळून हेडमास्तरांकडं लेखी अर्ज द्या.